ए प्लस श्रेणी नेमके काय सांगते? मोझिलाच्या एचटीटीपी ऑब्झर्व्हेटरीचे परीक्षण

एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप करावे, बटण दाबावे आणि काही सेकंदांत सुरक्षेबद्दलची ए प्लसपासून एफपर्यंतची एक श्रेणी समोर यावी, एवढेच फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या एचटीटीपी ऑब्झर्व्हेटरी या सेवेचे दर्शनी रूप आहे. तिच्यासाठी खाते उघडावे लागत नाही, पैसे मोजावे लागत नाहीत आणि आपल्या सर्व्हरवर काही बसवावेही लागत नाही. मोझिलात असताना एप्रिल किंग यांनी उभारलेली ही सेवा २०१६मध्ये सर्वांसाठी खुली झाली. पुढे २०२४मध्ये ती नव्याने बांधून एमडीएन या वेब-तंत्रज्ञानाच्या सुपरिचित संदर्भ-संकेतस्थळावर आणली गेली आणि त्या वेळी मोझिलाने दिलेल्या आकड्यांनुसार तोवर ६९ लाखांहून अधिक संकेतस्थळांच्या ४ कोटी ७० लाख तपासण्या तिच्यावर झाल्या होत्या. वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्यांना तिचा खरोखर किती उपयोग होतो, याचा हा आढावा आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो : या सेवेने दिलेली वाईट श्रेणी जवळजवळ नेहमी खरी असते, चांगली श्रेणी मात्र पुढे बरेच प्रश्न विचारल्याशिवाय मान्य करू नये.

ही सेवा काय मोजते, हे आधी पाहिले पाहिजे. ब्राउझर पान मागतो तेव्हा सर्व्हर मजकुराच्या आधी हेडर नावाच्या काही ओळी पाठवतो. त्यांतील काही ओळी म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला केलेल्या सुरक्षाविषयक आज्ञाच असतात : या पानावर अमुक ठिकाणचीच स्क्रिप्ट चालव, हे पान परक्या पानाच्या चौकटीत दाखवू नकोस, यापुढे माझ्याशी फक्त कूटबद्ध मार्गाने बोल. या आज्ञा दिल्या आहेत का आणि त्यांचे शब्द बरोबर आहेत का, हे ऑब्झर्व्हेटरी एकूण दहा कसोट्यांमधून तपासते. डेटाबेसमधून माहिती काढून घेता येते का, वर्डप्रेसचे एखादे प्लगइन जुनाट झाले आहे का, पासवर्ड कसे साठवले आहेत, या गोष्टी तिच्या कक्षेत येत नाहीत, आणि ती हे लपवतही नाही.

मग केवळ आज्ञा तपासण्याला एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ब्राउझरच्या स्वभावात आहे. पानासोबत आलेली स्क्रिप्ट त्या पानाच्या मालकाची, असे ब्राउझर गृहीत धरतो आणि वापरकर्त्याने लॉग इन केले असेल तर त्याचे सारे अधिकार तिच्या हाती देतो. ऑक्टोबर २००५मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर सॅमी नावाने ओळखला जाणारा जो वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्राम, पसरला, त्याने वीस तासांच्या आत दहा लाखांहून अधिक जणांच्या पानांवर आपली प्रत नेऊन ठेवली होती. त्यासाठी मायस्पेसचा सर्व्हर फोडावा लागला नाही. पान पाहायला आलेल्या प्रत्येकाच्या ब्राउझरने, त्या व्यक्तीच्याच लॉगिनच्या आधारे, ते काम निमूटपणे केले. सर्व्हरची तटबंदी कितीही भक्कम असली, तरी या जातीचा हल्ला अखेर ब्राउझरमध्येच घडतो. म्हणून ॲप्लिकेशनच्या कोडात चूक राहून गेली, तरी तिचे पर्यवसान चोरीत होऊ नये यासाठी ब्राउझरलाच पहाऱ्यावर ठेवण्याची ही व्यवस्था गेल्या पंधराएक वर्षांत आकाराला आली.

गुण देण्याची पद्धत मला या सेवेची सर्वांत विचारपूर्वक केलेली बाजू वाटते. प्रत्येक संकेतस्थळ १०० गुणांनी सुरुवात करते. कन्टेन्ट सिक्युरिटी पॉलिसी, म्हणजे सीएसपी, हे पानावर कोठली स्क्रिप्ट चालावी ते ठरवणारे धोरण नसेल तर २५ गुण जातात. एचएसटीएस, म्हणजे फक्त कूटबद्ध मार्गाने बोलण्याची आज्ञा, नसेल तर २०, परक्या चौकटीत दिसण्याला मनाई नसेल तर २० आणि फायलीचा प्रकार अंदाजाने ठरवू नकोस ही आज्ञा नसेल तर ५. एवढ्या चारच ओळी नसलेले संकेतस्थळ, बाकी सारे ठीक असले तरी, ३० गुणांवर म्हणजे डी श्रेणीवर येते. अधिकचे गुणही मिळतात, परंतु ते मिळण्यापूर्वी मूळ गुण ९० किंवा त्याहून जास्त असावे लागतात. ही अट वरवर किरकोळ दिसते, पण सगळी मेख तिच्यातच आहे. सीएसपी नाही आणि बाकी सर्व उत्तम, तर गुण ७५ आणि श्रेणी बी. सीएसपी आहे, पण तिच्यात पानातच लिहिलेली कोणतीही स्क्रिप्ट चालू देणारी ‘अनसेफ-इनलाइन’ ही सवलत ठेवली आहे, तर २० गुण वजा होऊन ८० आणि श्रेणी बी प्लस. इकडेतिकडे चार सोपी हेडर लावून, वरकड गुणांच्या आधाराने वर सरकण्याची वाट येथे बंद आहे. ए श्रेणीच्या दारात जायचे तर पानातल्या पानात लिहिलेल्या स्क्रिप्टचा निकाल आधी लावावाच लागतो, आणि खरे कष्टाचे काम नेमके तेच आहे.

ते काम इतके जड का, हे ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वीचे पीएचपी किंवा एएसपी डॉट नेटमधील ॲप्लिकेशन सांभाळले आहे त्यांना सांगायला नको. बटणाच्या टॅगमध्येच लिहिलेले ऑनक्लिक, पानाच्या मधोमध टाकलेला स्क्रिप्ट टॅग, सर्व्हरवरून आलेली किंमत थेट जावास्क्रिप्टच्या चलात भरणारी ओळ, अशा शेकडो जागा त्यांत विखुरलेल्या असतात. अडचण अशी की ही ओळ मूळ प्रोग्रामरने लिहिलेली आहे की कोणी अभिप्रायाच्या चौकटीतून घुसवलेली आहे, हे ब्राउझरला ओळखता येत नाही. ‘अनसेफ-इनलाइन’ लिहिणे म्हणजे दोघींनाही सारखीच मोकळीक देणे. त्यावर उपाय दोन. जे बाहेरच्या फायलीत नेता येईल ते न्यायचे, आणि जे पानातच राहणे भाग आहे त्याला नॉन्स, म्हणजे प्रत्येक उत्तरागणिक नव्याने तयार होणारी खूण, जोडायची. येथे एक खड्डा आहे. संपूर्ण पान कॅशमध्ये साठवून तेच सर्वांना देण्याची सोय सुरू असेल, तर नॉन्सही साठवला जातो आणि सर्वांना एकच मिळतो. मग त्याला काही अर्थ उरत नाही. अशा ठिकाणी स्क्रिप्टच्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, धोरणात लिहिणे हा बरा मार्ग. बाहेरून एकदाच डोकावणाऱ्या तपासनीसाला नॉन्स दर वेळी बदलतो की नाही हे दिसण्याची शक्यता कमी, त्यामुळे ही खात्री आपली आपणच करून घ्यावी. पान दोनदा मागवून स्रोत ताडून पाहिला, की पुरते.

सीएसपीच्या बाबतीत या सेवेच्या मर्यादेचाही स्पष्ट उल्लेख केला पाहिजे. गूगलमधील चार संशोधकांनी २०१६मध्ये इंटरनेटवरील सीएसपींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. स्क्रिप्टवर निर्बंध घालू पाहणाऱ्या धोरणांपैकी ९४.६८ टक्के कुचकामी आहेत आणि सीएसपी लावणाऱ्या होस्टपैकी ९९.३४ टक्के ठिकाणी एक्सएसएस, म्हणजे पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याच्या हल्ल्याविरुद्ध त्या धोरणाचा काहीही लाभ होत नाही, असे त्यांना आढळले. कारणे ढोबळमानाने तीन होती : अनसेफ-इनलाइन, कोणत्याही ठिकाणाला मुभा देणारी सैल चिन्हे, आणि परवानगीच्या यादीत असे होस्ट असणे की ज्यांच्यावर जेएसओएनपीची, म्हणजे माहिती स्क्रिप्टच्या रूपात देण्याची, सोय किंवा अँग्युलर या जावास्क्रिप्ट-चौकटीच्या जुन्या आवृत्त्या पडून आहेत आणि त्यांचा आधार घेऊन हल्लेखोराला हवी ती स्क्रिप्ट चालवता येते. पहिली दोन कारणे ऑब्झर्व्हेटरी चोख पकडते. तिसऱ्याकडे मात्र तिचे लक्ष नाही. मोठ्या सीडीएनचे, म्हणजे अनेक संकेतस्थळांना तयार फायली पुरवणाऱ्या सर्व्हरजाळ्याचे, नाव यादीत असलेले धोरण तिला निर्दोष वाटते आणि ती वरून पाच गुण देऊन मोकळी होते. त्यासाठी गूगलचेच सीएसपी इव्हॅल्युएटर हे वेगळे साधन आहे. धोरण त्यात टाकले की असे ज्ञात होस्ट ते नावानिशी दाखवते. ऑब्झर्व्हेटरीने ए प्लस दिल्यावर ताबडतोब तिकडे जावे, असा माझा सल्ला राहील.

ही शंका केवळ पुस्तकी नाही, हे दोन घटनांवरून दिसते. २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरील मॉडर्नायझर या लायब्ररीच्या फायलीत हल्लेखोरांनी अवघ्या २२ ओळी वाढवल्या. प्रवासी कार्डाचा तपशील भरत आणि तो तपशील कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या एका डोमेनकडे गुपचूप जात असे. ४ लाखांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली आणि ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२०मध्ये २ कोटी पौंडांचा दंड ठोठावला. ही स्क्रिप्ट कंपनीच्याच संकेतस्थळावरून येत होती, त्यामुळे ती चालू न देणे सीएसपीला जमले नसते; परंतु माहिती कोणकोणत्या ठिकाणी पाठवता येईल यावर ‘कनेक्ट-एसआरसी’ने बंधन घातलेले असते, तर ती परक्या डोमेनकडे रवाना होताना ब्राउझरने अडवली असती. येथे सीएसपीचा उपयोग ठसठशीत दिसतो. दुसरी घटना जून २०२४मधली. जुन्या ब्राउझरना नव्या सोयी पुरवणाऱ्या पॉलिफिल डॉट आयओ या डोमेनची मालकी त्याच वर्षी बदलली होती आणि नव्या मालकाच्या हाती गेल्यावर त्यावरून घातक स्क्रिप्ट वाटल्या जाऊ लागल्या. एक लाखाहून अधिक संकेतस्थळे त्या डोमेनवर अवलंबून होती. त्यांतील ज्यांनी सीएसपी लिहून या डोमेनला परवानगीच्या यादीत रीतसर बसवले होते, त्यांचे धोरण या हल्ल्यापुढे काहीच करू शकत नव्हते, कारण शत्रू आमंत्रितांमध्येच होता. बाहेरच्या फायलीचा हॅश टॅगमध्ये लिहून ठेवण्याची जी एसआरआय नावाची सोय आहे तीही तेथे निरुपयोगी होती, कारण ती सेवा ब्राउझर पाहून वेगवेगळा मजकूर देत असे. ऑब्झर्व्हेटरी एसआरआय नसल्याबद्दल ५ गुण कापते. बरोबरच आहे, पण ५ गुणांच्या कपातीवरून या धोक्याचे खरे वजन कोणाच्या ध्यानात येईल असे वाटत नाही. बाहेरची फाईल आपल्या सर्व्हरवर आणून ठेवणे हाच त्यावरचा खणखणीत उपाय.

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत हा उपाय आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. आपली पुष्कळ मराठी संकेतस्थळे ‘मुक्त’, ‘बालू’ यांसारखे देवनागरी टंक गूगल फॉन्ट्सवरून थेट मागवतात. तेथे टंकाची शैलीपत्रिका एका होस्टवरून येते आणि प्रत्यक्ष टंकाच्या फायली दुसऱ्या होस्टवरून. सीएसपी लिहिताना पहिला ‘स्टाइल-एसआरसी’मध्ये आणि दुसरा ‘फॉन्ट-एसआरसी’मध्ये द्यावा लागतो. त्यांतला एक विसरला की पान मोडत नाही, फक्त जोडाक्षरांचे वळण आणि ओळींची उंची बदलते, आणि ‘अक्षरे वेगळी का दिसतात’ असा फोन येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. हे टंक मुक्त परवान्याखाली असल्यामुळे आपल्या सर्व्हरवर ठेवायला कोणतीच हरकत नाही, आणि तसे केले की धोरणातील दोन नावे कमी होतात. टंकांपेक्षा स्क्रिप्टचा प्रश्न अवघड. भाषांतराची खिडकी, मराठी टंकलेखनाचा मदतनीस, समाजमाध्यमांची बटणे, आणि भेट देणाऱ्यांचा आकडा अभिमानाने दाखवणारी ती पाटी, यांतील प्रत्येक वस्तू परक्या ठिकाणची स्क्रिप्ट घेऊन येते आणि ती स्क्रिप्ट आणखी दोन ठिकाणांना बोलावते. एका पतसंस्थेच्या संकेतस्थळासाठी सीएसपी लिहिण्याचे काम पाहिले तेव्हा सगळ्यात जास्त वाद त्या पाटीवरून झाला. ती काढल्यावर धोरण निम्म्यावर आले.

येथेच या सेवेबद्दलची माझी मुख्य तक्रार सांगतो. चालू ॲप्लिकेशनवर सीएसपी एका दिवसात लावता येत नाही. धोरण आधी ‘रिपोर्ट-ओन्ली’ स्वरूपात लावायचे, म्हणजे ब्राउझर काही अडवत नाही पण काय अडवले असते ते कळवत राहतो. मग येणाऱ्या नोंदी चाळून एकेक पान दुरुस्त करायचे, आणि नोंदी आटल्यावरच धोरण अमलात आणायचे. हीच शहाण्यांची रीत आहे आणि एमडीएनवरील लेखही तीच शिकवतात. पण रिपोर्ट-ओन्ली धोरणाला ऑब्झर्व्हेटरी काहीच श्रेय देत नाही. सीएसपी नसल्याचे २५ गुण पूर्वीसारखेच कापले जातात. संरक्षणाच्या दृष्टीने हे न्याय्य आहे, कारण त्या काळात प्रत्यक्ष संरक्षण शून्यच असते. परंतु महिनाभर खपलेल्या चमूच्या वरिष्ठांसमोर तीच बी श्रेणी जाते आणि मग अनसेफ-इनलाइनसह काहीतरी धोरण घाईने लावून बी प्लस करून टाकण्याचा मोह होतो. श्रेणी तीच ठेवून, तयारी सुरू आहे एवढी नोंद ठळकपणे दाखवली, तरी हा मोह पुष्कळ कमी होईल.

उरलेल्या कसोट्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्या बहुतेक एका ओळीत पार पडतात. परक्या पानात आपले पान अदृश्य चौकटीत ठेवून वापरकर्त्याकडून नको ते बटण दाबवून घेण्याच्या युक्तीला रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमायाह ग्रॉसमन यांनी २००८मध्ये क्लिकजॅकिंग हे नाव दिले. एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा सीएसपीमधील ‘फ्रेम-ॲन्सेस्टर्स’ यांतून तिला पायबंद बसतो. एचएसटीएसचे महत्त्व २००९मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी कूटबद्ध जोडणी गुपचूप साध्या जोडणीवर आणणारे एसएसएलस्ट्रिप हे साधन दाखवले तेव्हा पटले. एचएसटीएसचे मानक आरएफसी ६७९७ या क्रमांकाने २०१२मध्ये आले. याबाबत एकच सावधगिरी. ब्राउझरमध्ये आधीच भरलेल्या प्रीलोड यादीत नाव असेल तर येथे पाच गुण जास्त मिळतात, पण त्या यादीत जाण्यासाठी सर्व उपडोमेनांना हा नियम लागू करावा लागतो, आणि प्रमाणपत्र नसलेले एखादे जुने उपडोमेन कोठेतरी चालू असेल तर ते ब्राउझरमधून कोणालाच उघडत नाही. यादीतून नाव काढायला महिने लागतात. पाच गुणांसाठी ही घाई करू नये.

कुकींची कसोटी कडक आहे आणि ती तशीच असावी. लॉगिन टिकवणाऱ्या कुकीवर ‘सिक्युअर’ ही खूण नसेल आणि एचएसटीएसही नसेल तर सीएसपीच्या अभावापेक्षाही जास्त गुण जातात, आणि ‘एचटीटीपी-ओन्ली’ नसेल तरी मोठी कपात होते. गंमत अशी की ज्या ॲप्लिकेशनमध्ये लॉगिनचे टोकन कुकीऐवजी ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवले जाते, तेथे कुकीच सापडत नसल्यामुळे एकही गुण जात नाही. वास्तविक लोकल स्टोरेज पानावरील प्रत्येक स्क्रिप्टला वाचता येते, त्यामुळे एक्सएसएस झाल्यावर टोकन उचलणे तेथे अधिक सोपे असते. एकाच पानात चालणारी (सिंगल-पेज) आधुनिक ॲप्लिकेशने बनवणाऱ्यांनी या कसोटीतील हिरव्या खुणेकडे मुळीच पाहू नये.

यामागचे मूळ कारण असे की ऑब्झर्व्हेटरी होस्टचे फक्त मुखपृष्ठ मागवते, लॉग इन न करता, आणि त्यावरील स्क्रिप्ट स्वतः चालवून पाहत नाही. लॉग इन केल्यावर मिळणाऱ्या कुकी तिला दिसत नाहीत. बाहेरच्या स्क्रिप्ट जोडून देणाऱ्या टॅग मॅनेजरने मागाहून आत ओढलेल्या स्क्रिप्ट दिसत नाहीत. लॉगिनचे पान वेगळ्या उपडोमेनवर असेल तर मुख्य संकेतस्थळाच्या ए प्लसचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो. त्या उपडोमेनची तपासणी वेगळी करावी लागते. एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा फारच जिव्हाळ्याचा आहे. सर्व्हरच्या पातळीवर ‘ॲड-हेडर’ने सगळी हेडर लिहिली आणि एखाद्या ‘लोकेशन’मध्ये त्याच आज्ञेने कॅशिंगचे एखादेच हेडर वाढवले, तर त्या लोकेशनपुरती वरची सगळी हेडर गळून पडतात. मुखपृष्ठ चकचकीत राहते, आणि खातेदाराचा तपशील दाखवणारी पाने उघडी पडतात. तसेच शेवटी ‘ऑलवेज’ हा शब्द लिहिला नसेल तर चुकीच्या पत्त्याला मिळणाऱ्या त्रुटीच्या पानांवरही हेडर जात नाहीत, आणि वापरकर्त्याने टाइप केलेला पत्ता जसाच्या तसा छापणारी पाने बहुधा तीच असतात. या दोन्ही गोष्टी ऑब्झर्व्हेटरीला कळण्याचा मार्ग नाही. निकालाच्या पानावर सर्व्हरने पाठवलेली मूळ हेडर जशीच्या तशी दाखवणारा एक विभाग आहे. तो मी श्रेणीपेक्षाही उपयुक्त मानतो, कारण एकच हेडर ॲप्लिकेशनने आणि सर्व्हरने दोनदा पाठवले असेल तर ते तेथे चटकन दिसते. तसली पाहणी इतर महत्त्वाच्या पानांपुरती ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत आपणच करून घ्यावी.

आपल्याकडे या सेवेचा उपयोग कोठे होईल, तर तपासणीच्या पूर्वतयारीत. एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्रणेवर शासकीय संकेतस्थळ ठेवण्यापूर्वी सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या मान्यताप्राप्त यादीतील तपासनीसांकडून त्याची सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते, आणि पुण्या-नागपूरच्या ज्या संस्था अशी कामे करतात त्यांना अहवालातील ‘सुरक्षा-हेडर आढळली नाहीत’ हे वाक्य नवे नसावे. तपासनीस येण्याच्या आधीच हा भाग उरकून घेणे केव्हाही स्वस्त. मात्र आजही काही अहवालांत एक्स-एक्सएसएस-प्रोटेक्शन हे हेडर लावण्याचा आग्रह दिसतो. क्रोमने ती यंत्रणा २०१९मध्येच काढून टाकली आणि फायरफॉक्समध्ये ती कधी नव्हतीच; ऑब्झर्व्हेटरीच्या नव्या आवृत्तीत त्याची कसोटीही नाही. असा वाद निघाला तर या सेवेचे कसोट्यांचे पान तपासनीसापुढे ठेवता येते. भारतातील काही शासकीय संकेतस्थळे परदेशातून आलेल्या विनंत्या अडवतात आणि मग ही तपासणी पूर्णच होत नाही. त्यावर तोड अशी की सेवेचा कोड मुक्त स्रोत आहे आणि नोड या जावास्क्रिप्ट-प्रणालीच्या पॅकेजच्या रूपात तो मिळतो. आपल्याच संगणकावरून एका आज्ञेने तीच तपासणी चालवता येते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी ती आपोआप होईल अशी सोय बिल्डमध्ये करता येते. या कामी तिला पर्याय मला माहीत नाही.

स्कॉट हेल्म यांनी सुरू केलेली सिक्युरिटी हेडर्स ही सेवा याच जातीची आहे. तिची मांडणी अधिक सुबक आहे आणि नवख्याला ती लवकर कळते, पण हेडर आहे की नाही यावर तिचा भर अधिक आणि सीएसपीच्या आत काय लिहिले आहे याच्या छाननीत ऑब्झर्व्हेटरी पुढे आहे. प्रमाणपत्र आणि टीएलएस या कूटबद्धीकरणाची जुळणी यांसाठी क्वालिसच्या एसएसएल लॅब्सकडेच जावे. तो भाग ऑब्झर्व्हेटरी पाहत नाही. आणि पत्त्यातील हॅशनंतरचा मजकूर उचलून थेट इनर-एचटीएमएलमध्ये ओतणारा कोड, ज्याला डॉम-आधारित एक्सएसएस म्हणतात, तो शोधणे यांपैकी एकाही सेवेचे काम नाही. त्याविरुद्ध क्रोमने २०२०मध्ये आणलेली ट्रस्टेड टाइप्स ही यंत्रणा सीएसपीमधूनच चालू करता येते, परंतु ऑब्झर्व्हेटरीच्या दहा कसोट्यांत तिला स्वतंत्र जागा नाही. पुढच्या आवृत्तीत ती मिळावी, आणि मुखपृष्ठाखेरीज दोन-चार पत्ते तपासणीसाठी देण्याची मुभा असावी. मग लॉगिनच्या पानाची आणि त्रुटीच्या पानाची हेडरही त्याच निकालात येतील.